शिकवणीचा हक्क आठवीलाच का संपतो?

दहावीत पोरगा गणितात गेला की घरचेच म्हणतात, 'त्याला डोकेच नाही.' हे साफ खोटे आहे. डोके असते, पाचवी-सहावीतला अपूर्णांक राहून गेलेला असतो. नववीत गुरुजी बीजगणित शिकवतात तेव्हा मागे वळून भागाकार शिकवायला त्यांना सवड नसते. ज्याच्या बापाकडे पैसा, तो क्लास लावतो. बाकीचे मागच्या बाकावर गप्प. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या जेमतेम ४३ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले!

नववीत आलेल्या मुलाला सुधारायला उशीर झालेला असतो, असे विद्वान सांगत. शिकागोने ते खोडून काढले. तेथील सरकारी शाळांतल्या नववी-दहावीच्या, बहुतांश कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना शाळेच्या वेळातच रोज एक तास शिकवणी मिळाली. दोन मुलांमागे एक शिकवणारा. अर्धा वेळ मागचे राहिलेले, अर्धा वेळ वर्गात चाललेले. शिकवणारे प्रशिक्षित शिक्षक नव्हेत, अल्प मानधनावर आलेले पदवीधर. मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडल्याने तुलना पक्की होती. गुण वाढले, नापासांचे प्रमाण घटले. हा अभ्यास २०२३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त प्रसिद्ध झाला. (मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणाऱ्या बॉब मोझेस यांनी पुढे १९८२ पासून बीजगणित शिकवण्याचीच चळवळ उभारली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.)

आता आपल्याकडचा कायदा पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २४ सांगते की, शिक्षकाने मुलाची कुवत तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवावे. कलम २८ त्याला खाजगी शिकवणीची बंदी करते. पण हा कायदा सहा ते चौदा वयापुरता. म्हणजे गणित खरे अवघड होते, तिथेच हक्क संपतो. वर २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर अकरावीला जाऊ देण्याची तरतूद आली. मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारून त्या विषयांची वाट बंद! हा शेरा कोणाच्या पोरांच्या कपाळी येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

नववी-दहावीच्या वेळापत्रकात शिकवणीचा तास द्या, मानधनावर पदवीधर नेमा, अशी आमची मागणी आहे. तोवर वस्तीतल्या अभ्यासिकांनी चाळीस मुले एका फळ्यासमोर बसवू नयेत. दोन-दोन मुलांमागे कॉलेजचा एक विद्यार्थी रोज बसवावा, आणि सुरुवात अपूर्णांकांपासून करावी.