विद्यादान की विद्याविक्रय?

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांमध्ये 'उच्च शिक्षण निःशुल्क असावे' हा विषय वर्षानुवर्षे ठेवला जातो आणि प्रतिकूल बाजूचा वक्ता वर्षानुवर्षे एकाच वाक्यावर टाळ्या घेऊन जातो : फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. अनुकूल बाजूचा विद्यार्थी मग गरिबीची करुण चित्रे रंगवू लागतो आणि तिथेच हरतो. वास्तविक त्याने दयेची याचना करण्याचे कारणच नाही. शिक्षण ही विक्रीची वस्तू आहे, हे प्रतिपक्षाचे गृहीतकच त्याने नाकारले पाहिजे.

ज्या परंपरेने विद्यादानाला श्रेष्ठ दान मानले, तिने वेतन ठरवून शिकविणाऱ्याला 'भृतकाध्यापक' म्हटले. ते निंदेचे विशेषण होते. नालंदेला शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते, अशी नोंद ह्युएन त्संगच्या चरित्रात आहे. ही दारे समाजातील फार मोठ्या वर्गाला बंद राहिली, हा दोष मात्र झाकता येणार नाही. तो धुऊन काढण्याचे काम आमच्याच राजांनी केले. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

मोफत शिक्षणाने विद्यार्थी आळशी होतो, असे म्हणणाऱ्यांनी एकदा साताऱ्याचा इतिहास चाळावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तेथे वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत, एकत्र काम करीत. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्रही मोडले. पुढे १९४७ मध्ये याच साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले, तेही मोफत आणि निवासी! तेथील विद्यार्थी शेतात राबत, अंगमेहनतीची कामे करीत आणि शिकत. त्यांनी शिक्षणाचे मोल घामाने चुकविले, बापाच्या धनादेशाने नव्हे. लाखो रुपये मोजून प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी अभ्यासू निघतो, असा कोणाचा अनुभव आहे काय?

दुसरा आक्षेप करदात्याच्या पैशाचा. हा आक्षेप घेणाऱ्यांत मध्यमवर्गीय अधिक असतात, ही गंमतच म्हणायची! यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेल्या ई.बी.सी. सवलतीवर याच वर्गातील एक पिढी पदवीधर झाली. नाममात्र शुल्कात आयआयटीतून बाहेर पडून परदेशी स्थिरावलेले अभियंतेही करदात्याच्याच पैशावर शिकले. आपण शिडीवरून वर चढल्यावर शिडी काढून घ्यायची, याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत.

महाराष्ट्रात चित्र पालटले ते १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा मिळाली. हेतू वाईट नव्हता. मराठी मुलांना कर्नाटकात जावे लागू नये, हा होता. पण पाहता पाहता शिक्षणमहर्षींचे शिक्षणसम्राट झाले. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा १९८७ मध्येच करावा लागला, यातच सर्व आले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात नफेखोरीला मनाई केली खरी, पण शुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य संस्थांना दिले. 'विकासनिधी' या गोंडस नावाखाली काय काय वसूल होते, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर जुलै २०२४ मधील राज्य शासनाचा निर्णय स्वागतार्ह होता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण त्याच घरातील मुलाने काय करावे? एकाच शेतावर पोसल्या जाणाऱ्या बहीणभावांपैकी भावाने निम्म्या शुल्कासाठी सावकार गाठायचा काय? शिवाय शुल्क माफ झाले तरी पुण्यासारख्या शहरात खोलीचे भाडे आणि खाणावळ सुटत नाही. तालुक्याची मुलगी प्रवेशपत्र हाती असूनही घरी बसते ती याच खर्चामुळे.

पैसा कोठून आणायचा, हा शेवटचा प्रश्न. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. पुढच्या स्पर्धेत अनुकूल बाजूच्या वक्त्याने एवढी दोन वर्षे पाठ करून जावे आणि मधली चोपन्न वर्षे कोणी वाया घालविली, ते उत्तर प्रतिपक्षाकडे मागावे.