लहान मुलें आणि धांवणें

मेडशीसारख्या गांवांतील मुलांस धांवावयास शिकवावें लागत नाहीं. शाळा सुटतांच तीं आपोआप धांवूं लागतात. शिकावयाचें आहे तें वडील मंडळीनीं.

सन २००६ मध्यें ओडिशांतील बुधिया सिंग या अवघ्या चार वर्षांच्या मुलास पुरी ते भुवनेश्वर असें सुमारें ६५ किलोमीटर धांवविण्यांत आलें. लोकांनीं कौतुक केलें. परंतु पुढें सरकारास त्याच्या अशा धांवण्यास मनाई करावी लागली. याउलट सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर शाळेंत प्रथम खोखो खेळत. शर्यती मागाहून आल्या. सन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरींत त्या दहाव्या आल्या.

म्हणून पालकहो, मुलांबरोबर अवश्य धांवा, पण त्यांच्या पावलानें. शिवाशिवी, लंगडी, आट्यापाट्या खेळा. वऱ्हाडचें ऊन टाळा. मूल दमलें कीं थांबूं द्या. आमचें तर मत असें कीं, अगदीं लहान वर्गांच्या शर्यतींत क्रमांक लावूंच नयेत. धांवणाऱ्या प्रत्येकास खाऊ द्यावा. मूल घरीं येतांच “कितवा आलास ?” असें न विचारतां “मजा आली का ?” असें विचारावें. गोडी लागलेलें मूल उद्यां पुन्हा आपण होऊन मैदानावर जाईल.