आळीतला पडदा

गेल्या पंधरवड्यात आमच्या आळीच्या गणेशोत्सव मंडळाची बैठक आमच्याच ओसरीवर भरली होती. वर्गणी, मांडव, आरतीच्या वेळा हे नेहमीचे विषय संपल्यावर मंडळाच्या जुन्या पेटीतील सामानाचे काय करावे, असा प्रश्न एका तरुणाने काढला. पेटी उघडली. दोन मोडक्या समया, झांजांची एक जोडी, गॅसबत्तीचा सांगाडा, आणि अगदी तळाशी घडी घालून ठेवलेला एक भला मोठा पांढरा पडदा निघाला. मांजरपाटाचे पन्हे एकमेकांस जोडून तो शिवलेला होता व चारही कडांना काळ्या कापडाची पट्टी होती. “हा एवढा कपडा कशाला ठेवला आहे?” असे त्या तरुणाने विचारताच ओसरीवरील वडील मंडळी एकदम बोलू लागली. तो सिनेमाचा पडदा होता, आणि त्यावरील टाके आळीतल्याच बायकांनी घातलेले होते.

आज ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांस हा पडदा म्हणजे काय हे सांगावयास नको. धाकट्या वाचकांसाठी मात्र चार ओळी लिहितो. उत्सवाच्या दहा दिवसांत दोन-तीन रात्री दोन घरांच्या गच्च्यांस दोर बांधून आळीच्या आडवा असा पडदा लागत असे. सोळा मिलिमीटरचे यंत्र भाड्याने येई. यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपले की चित्रपट थांबे. दिवे लागत, मुले पाणी पिऊन येत, आणि पुढे काय होणार यावर बायकांमध्ये वाद रंगे. मग पुन्हा अंधार होई आणि यंत्राची टकटक सुरू होई. कोणाच्याही घरी त्या रात्री स्वतंत्र बेत नसे. सतरंज्या व पाट ज्याचे त्याने आणावयाचे, एवढाच नियम होता.

ही चाल कोणी एका ठरावाने बंद केली नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली त्यास रंग आले. पाठोपाठ व्हिडिओची फीत आली. प्रथम आळीतील एका घरी सर्वांनी जमून पाहावे, मग ज्याचे त्याने आपल्या घरी पाहावे, आणि आता घरातही ज्याने त्याने आपल्या हातातील यंत्रावर पाहावे, अशा पायऱ्यांनी आपण येथवर उतरलो. एकत्र कुटुंबात एकाच दिवाणखान्यात सात माणसे सात निरनिराळी चित्रे पाहत बसलेली आम्ही स्वतः पाहिली आहेत, आणि त्या सातांमध्ये आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा पडदा पुन्हा लावावा काय, हा प्रश्न त्या रात्री निघाला. तरुणांचे म्हणणे असे की, जे प्रत्येकाच्या खिशात आहे ते पाहावयास रस्त्यावर कोण येणार? वडिलांचे म्हणणे असे की, खर्च कोणी करावा आणि दगदग कोणी सोसावी? दोन्ही आक्षेप खोटे नव्हेत. तथापि त्यांचा विचार करताना आम्हांस एका फार दूरच्या समाजाचे उदाहरण आठवले. ते वाचकांपुढे मांडतो.

कुर्द लोकांची संख्या तीन कोटींच्या आसपास किंवा अधिकच धरली जाते. परंतु त्यांस स्वतःचे राष्ट्र नाही. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांच्या सीमांनी त्यांचा डोंगराळ मुलूख विभागला गेला आहे. तुर्कस्तानात १९८३ साली त्यांच्या भाषेच्या प्रकाशनावर व प्रसारावर कायद्याने बंदी आली. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. ज्या भाषेत छापावयाचीच चोरी, त्या भाषेत चित्रपट काढणे किती दुर्घट, याची कल्पना वाचकांनीच करावी. अशा लोकांपैकी जे देशोधडीस लागून लंडनमध्ये स्थिरावले, त्यांनी २००१ साली तेथे कुर्द चित्रपट महोत्सव सुरू केला. तो वर्षामागून वर्ष अखंड चालला, असे नाही. मध्ये खंड पडले. पण प्रत्येक खंडानंतर तो पुन्हा उभा राहिला. त्याचे कारण आमच्या मते एवढेच की, तो महोत्सव त्या लोकांस करमणुकीखातर नको होता. आपली भाषा परक्या शहरात चारचौघांत, मोठ्या आवाजात ऐकण्याची ती त्यांची जागा होती. घरातील म्हातारीस आणि तेथेच जन्मलेल्या नातवास एकाच वेळी हसू येईल, अशी दुसरी जागा त्यांस कोठे मिळणार?

याच लोकांच्या इतिहासातील एक गोष्ट आमच्या मनास फार लागून राहिली आहे. सीरियातील आमूदा या गावी १३ नोव्हेंबर १९६० रोजी शाळेतील मुलांस चित्रपट दाखविण्यासाठी नेले होते. चित्रपटगृहास आग लागली आणि दोनशेहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. ज्या गावाने पडद्यापायी एवढी लेकरे गमावली, त्याने पडद्याचे नावही काढले नसते तरी त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु २०१५ साली त्याच मुलखात, युद्ध चालू असताना, काही चित्रपटकारांनी मिळून एक सामुदायिक मंडळ स्थापन केले आणि लोकांसाठी, लोकांमध्ये जाऊन चित्रपट दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. हे वाचल्यावर ‘दगदग कोणी सोसावी’ हा आमच्या ओसरीवरील प्रश्न आम्हांस फारच लहान वाटू लागला.

खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास इतक्या लांब जावयास नको. आपल्याकडे चित्रपट प्रथमपासूनच लोकांच्या दारी गेला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला खरा. परंतु पुढे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांनी चित्रपट पाहिला तो जत्रेतील तंबूत. देवाचे दर्शन घ्यावे, बाजार करावा आणि रात्री तंबूत शिरावे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. शहरांतून पुढे वेगळा प्रयत्न झाला. मुंबईत १९६८ साली ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. जगातील उत्तम चित्रपट सभासदांनी एकत्र पाहावेत आणि त्यांवर चर्चा करावी, हा त्याचा उद्देश. दूरदर्शन आणि व्हिडिओच्या लाटेत अशा कितीतरी मंडळांनी मान टाकली. हे मंडळ मात्र टिकले, कारण ते सभासदांच्या वर्गणीवर उभे होते. याच्या उलट, मुंबईचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव, जो १९९७ साली सुरू झाला व ज्याच्यामागे पुढे बड्या आश्रयदात्यांचे पाठबळ आले, तो २०२५ साली भरलाच नाही. आम्ही कोणास नावे ठेवीत नाही. आश्रयदाता आपल्या सोयीने येतो आणि आपल्या सोयीने जातो, दर घरातून आलेले पन्नास रुपये मात्र पुढल्या वर्षी “यंदा पडदा का नाही?” असे विचारावयास दारात येऊन उभे राहतात.

येथवर आमचे विचार सरळ चालले होते, आणि बैठकीत आम्ही ते काहीशा अभिमानाने मांडलेही. ‘आपल्या समाजाने आपल्या वर्गणीतून केलेला उत्सव’ हे शब्द आम्ही दोन-तीनदा उच्चारले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरकामास येणाऱ्या बाईंस आम्ही तो पडदा उन्हात घालावयास सांगितला. बाई साठीच्या पुढच्या. त्यांची आईदेखील याच आळीतील घरांची धुणीभांडी करीत असे. पडदा दोरीवर टाकता टाकता त्या म्हणाल्या, “हा मला ठाऊक आहे. सगळे पिक्चर बघितले मी यावर. पण आमच्या बाजूनं अक्षरं उलटी दिसायची.”

आम्ही स्तब्ध झालो. आळीच्या आडवा लावलेला पातळ पडदा दोन्ही बाजूंनी दिसतो. यंत्राच्या बाजूस आमच्या सतरंज्या आणि पाट. पलीकडच्या बाजूस, नाक्याकडे, बाकीचे सगळे : कोळीवाड्यातील मंडळी, हातगाडीवाले, मोहल्ल्यातील मुले, आणि आमच्या घरांतून कामे करून जाणाऱ्या बायका आपली पोरे घेऊन. त्यांस चित्र दिसे, आवाज ऐकू येई, पण नावांच्या पाट्या उलट्या दिसत आणि नायक डाव्या हाताने जेवे. त्यांस कोणी हाकलले नाही, हे खरे. तसेच या बाजूस येऊन बसा, असे कोणी म्हटलेही नाही. इतकी वर्षे त्या रात्रींच्या आठवणी आम्ही मुलांस सांगत आलो. पडद्यास दुसरी बाजू होती, हे आमच्या एकाही आठवणीत नव्हते.

वाचकहो, आम्हांस यातून एवढेच सांगावयाचे आहे. जुनी चांगली चाल पुन्हा सुरू करावी असे आपण म्हणतो, तेव्हा ती जशीच्या तशी सुरू करावी असे आपल्या मनात असते. पण जिची आठवण आपण काढतो ती आपल्या बाजूची असते. ‘समाज’ हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर कोण येते, हे प्रत्येक घराने एकदा तपासून पाहावे. आमच्या पनवेलीत बेने इस्रायलांचे ‘बेथ एल’ प्रार्थनामंदिर १८४९ सालापासून उभे आहे आणि मराठी ही त्या लोकांची मातृभाषा आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका झाली. तालुक्यात आता विमानतळही झाला. आळीतील निम्म्या खोल्यांतून आज बाहेरगावची भाडेकरू मंडळी राहतात. हे सारे जर नाक्याच्या बाजूसच उभे राहणार असतील, तर तो पडदा पेटीत राहिला तरी फारसे बिघडत नाही.

कुर्द चित्रपटकारांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट हीच. यिल्माझ ग्युनेय हा त्यांच्यातील फार मोठा दिग्दर्शक. तुरुंगात असताना त्याने ‘योल’ या चित्रपटाची संहिता लिहिली, शेरीफ ग्योरेन या सहकाऱ्याने ती चित्रित केली, आणि १९८२ साली कान येथील महोत्सवात त्यास सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. राज्यकर्त्यांच्या जुलमावर तर त्यात बोट आहेच. परंतु घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली स्वतःच्याच बायकामुलींस छळणाऱ्या आपल्या लोकांसही त्याने सोडले नाही. ज्या समाजावर बाहेरून इतके घाव पडत होते, त्यानेही आपले व्यंग पडद्यावर पाहण्याचे धैर्य दाखविले. आपल्याकडे ‘प्रभात’चा ‘कुंकू’ १९३७ साली आला तो याच जातीचा होता. प्रतिष्ठित वृद्ध वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा ते लग्न मानावयास नकार देते, हे चित्र व्ही. शांताराम यांनी सुशिक्षित पांढरपेशा घरांसमोरच धरले होते, आणि त्या घरांनी ते पाहिले. आज आपल्या घरांतील कोणते चित्र असे समोर धरावे लागेल, हे आम्ही येथे सांगत नाही. पडद्याची दुसरी बाजू आम्हांस आमच्या मोलकरणीकडून कळली, एवढे पुरे आहे.

आता बैठकीत अखेर काय ठरले ते सांगतो. येत्या भाद्रपदात दोन रात्री पडदा लागेल. जुना मांजरपाट दोन ठिकाणी विरला आहे. घरातील सुना व नाती त्यास ठिगळे लावीत आहेत, आणि या खेपेस मुलेही सुईदोरा घेऊन बसली आहेत. पहिल्या रात्री आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’, दुसऱ्या रात्री ‘कुंकू’. कायद्याने चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे असतो, यास्तव जुन्या चित्रपटांची अडचण कमी. तरीही ज्यांच्याकडून प्रत घ्यावयाची त्यांची अनुमती मागितली आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम असल्याने खेळ साडेसात वाजता सुरू होईल. अर्थात त्या दिवशी घरोघर स्वयंपाक लवकर आटोपावा लागेल, आणि तो आटोपण्यास पुरुषांनी हात लावावा, असे बायकांनी बजाविले आहे.

वर्गणी नाक्यापर्यंतच्या प्रत्येक बिऱ्हाडाकडून घ्यावयाची आहे. ज्यास जे जमेल ते. मुख्य म्हणजे पडदा आळीच्या आडवा लावावयाचा नाही. आळीच्या शेवटी असलेल्या भिंतीस तो टेकवून लावावयाचा, म्हणजे त्यास पाठीमागची बाजूच राहणार नाही. ही सूचना आमची नव्हे. पडदा उन्हात घालताना बाईंनीच ती सहज केली होती. पुढच्या रांगेतील एक सतरंजी त्यांच्यासाठी राखून ठेवावी, असे आम्ही सुचविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “राखू नका. मी लवकर येऊन बसेन.”

आपल्या आळीच्या, वाड्याच्या किंवा चाळीच्या मंडळाची पेटी वाचकांनीही एकदा उघडून पाहावी. तळाशी पडदा निघालाच, तर तो कोठे लावला जाई आणि कोण कोणत्या बाजूस बसे, हे घरातील वडील माणसांस विचारावे. आणि कामास येणाऱ्या बाईंसही विचारावे. दोन्ही उत्तरे आम्हांस अवश्य कळवावीत.