तक्रारीचीही नोंद चोख हवी

व्यापारी घरांतील मुले आता हिशेबाबरोबर कोडिंगही शिकू लागली आहेत. दिवसभर पेढीवर बसून रात्री ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करणारे तरुण आपल्या परिचयात असतीलच. या अभ्यासक्रमांत शिक्षक समोर नसतो. विद्यार्थ्याने लिहिलेला कोड यंत्रच तपासते आणि बरोबर की चूक ते क्षणात सांगते. मात्र कधी कधी हे तपासणारे यंत्रच चुकते.

अशा वेळी काही मुले स्वतःलाच दोष देतात आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे समजून शिकणे सोडतात. काही जण ‘तुमचे संकेतस्थळ चालत नाही’ एवढे एकच वाक्य संतापाने लिहून मोकळे होतात. पहिल्या मार्गाने विद्या हातची जाते, दुसऱ्याने तक्रार वाया जाते.

‘माल बरोबर नाही’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण बिलाचा क्रमांक विचारतो, कोणत्या नगात काय दोष आहे ते विचारतो. येथेही तीच रीत आहे. कोणत्या धड्यातील कितवी पायरी, आपण क्रमाने काय केले, काय घडावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या चार गोष्टी लिहाव्यात. सोबत ब्राउझरचे नाव व आवृत्ती आणि पडद्यावर उमटलेला संदेश जसाच्या तसा द्यावा. कोड मजकूर म्हणून जोडावा. केवळ चित्र पाठविल्यास तपासणाऱ्याला तो पुन्हा टंकित करावा लागतो. सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रॅमरने १९९९ साली या विषयावर एक लेख लिहिला. दुरुस्त करणाऱ्याला तो बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावा, हा दोष कळविण्यामागील हेतू असल्याचे त्याने त्यात स्पष्ट केले आहे.

तक्रारीपूर्वी आपली बाजू तपासणेही आवश्यक आहे. रोकडवही आणि पासबुक जुळले नाही, तर आपण लगेच बँकेला दोष देत नाही. न वटलेले धनादेश आधी पाहतो. क्विन्सी लार्सन यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘फ्रीकोडकॅम्प’ या विनामूल्य उपक्रमाचे उदाहरण घ्या. ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन्स तेथील चाचण्यांत अडथळा आणू शकतात आणि बरोबर उत्तरही नापास ठरू शकते. म्हणून ती बंद करून किंवा दुसरा ब्राउझर उघडून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही अडचण राहिली, तरच ती कळवावी. या उपक्रमाचे दोष ‘गिटहब’वर खुलेपणाने नोंदविले जातात, त्यामुळे आपण लिहिलेले सारे जगाला दिसते. आधी कुणी तोच दोष नोंदविला आहे का, तेही पाहून घ्यावे.

बँकेत आयुष्य घालविलेला माणूस म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पाठविलेल्या चित्रात पासवर्ड, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी दिसता कामा नये. दुसऱ्या विद्यार्थ्याची खासगी माहिती उघडी पडल्याचे आढळले, तर ते चारचौघांत न मांडता चालकांनाच खासगीत कळवावे.

शुल्क भरलेल्या अभ्यासक्रमाबाबत कायदाही पाठीशी आहे. ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र तेथेही विचारणा होते ती पावती, तारीख आणि पत्रव्यवहाराचीच. तेव्हा पालकांनी हे कागद प्रथमपासून एकत्र ठेवावेत.

एका विद्यार्थ्याने नीट कळविलेला दोष दूर झाला, की त्याच पायरीवर अडणाऱ्या पुढच्या अनेकांची वाट मोकळी होते. आपल्या मुलांना कोडिंगबरोबर हे लिहिणेही अवश्य शिकवावे.