जिवाणूच्या घरचा कारभार

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू कायमचे बिऱ्हाड करून असतो. त्याचे काही भाऊबंद आजार करतात, बाकीचे निमूट नांदतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाकडे सुमारे ४,३०० जनुके असतात. ती सगळी एकाच वेळी चालू ठेवणे त्याला परवडत नाही. प्रत्येक प्रथिन बनवायला ऊर्जा लागते, आणि त्या बाबतीत जिवाणू आपल्या आज्यांइतकाच काटकसरी.

ही काटकसर पहिल्यांदा नीट मोजली ती जाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने. दुसरे महायुद्ध चालू होते, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते, आणि हा तरुण जिवाणूंना दोन प्रकारच्या शर्करा एकत्र देऊन त्यांची वाढ टिपत होता. जिवाणू आधी एक शर्करा संपवत, मग थोडा वेळ थबकत आणि नंतर दुसरीवर वाढू लागत. त्या थबकण्यातच सारी गंमत होती.

ग्लुकोज म्हणजे वाढलेले ताट. दुधातल्या लॅक्टोजचे मात्र आधी दोन तुकडे करावे लागतात, त्यासाठी खास एन्झाइम हवे. ते बनवणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी रिप्रेसर नावाचे प्रथिन कुलपासारखे बसलेले असते. लॅक्टोज आत आले की त्यापासून तयार झालेला एक रेणू रिप्रेसरला चिकटतो आणि कुलूप निघते. पण तेवढ्याने भागत नाही. ग्लुकोज संपत आल्याची वर्दी घेऊन सीआरपी हे दुसरे प्रथिन शेजारी येऊन बसले, तरच काम जोरात चालते. कुलपाची ही कल्पना मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६१ मध्ये सविस्तर मांडली. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना मिळाले.

यात विचार करून ठरवणारे कुणी नाही. आपली मुले घरात मराठी बोलतात आणि दुकानाची पायरी चढताच कन्नड सुरू करतात, तेव्हा ती तरी कुठे ठरवून बोलतात? समोर कोण आहे, एवढी खूण पुरते.

जनुकांची अशी दारे उघडणाऱ्या-लावणाऱ्या प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ई. कोलायमध्ये ती सुमारे ३०० आहेत, पण सगळ्यांचा अधिकार सारखा नाही. लग्नघर आठवा. आचाऱ्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना कामाला लावणारी आत्या एखादीच असते. कुणाकडे नुसते पानसुपारीचे तबक असते. लॅक्टोजच्या रिप्रेसरकडे तीनच जनुके आहेत, तर सीआरपीचा हात दोनशेहून अधिक जनुकांवर. अशी सातेक बडी प्रथिने मिळून जवळपास निम्म्या जनुकांचा कारभार हाकतात. ती एकमेकांवरही लक्ष ठेवतात, म्हणून याला साखळी न म्हणता जाळे म्हणायचे.

हे जाळे आपल्याही अंगाशी येते. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या अनेक जिवाणूंकडे औषध बाहेर फेकणारा पंप असतो. तो सतत चालवणे महाग, शिवाय जास्त झाला तर पेशीलाच बाधतो. म्हणून तिथेही रिप्रेसरचे कुलूप. ते काढते कोण? खुद्द टेट्रासायक्लिन! तेही अगदी थोडे पुरते. प्रथिने बनवणारी यंत्रणा बंद पाडण्याइतके औषध जमण्याच्या आतच पंप तयार होऊ लागतो. ‘दोनच गोळ्या द्या’ म्हणून औषधाच्या दुकानातून अर्धामुर्धा डोस आणणे मला धाडसाचे वाटते ते यामुळेच. थोड्या औषधाने शत्रू जागा तेवढा होतो.

याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे ‘मार’ हे नियंत्रण. त्याचा शोध अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने १९८३ मध्ये लावला. इथले कुलूप निघाले की मार-ए हे प्रथिन एकाच वेळी पंप वाढवते आणि पेशीच्या भिंतीतली छिद्रे कमी करते. त्यामुळे एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक औषधांचा जोर एकदमच ओसरतो. हे कुलूप सॅलिसिलेटनेही निघते, आणि अ‍ॅस्पिरिनचे शरीरात होते ते सॅलिसिलेटच. अर्थात हे प्रयोगशाळेतल्या जिवाणूंचे निरीक्षण आहे. त्यावरून कुणी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन बंद करू नये. रोगजंतू मारण्याऐवजी त्याची ही कुलपे लावूनच ठेवता येतील का, याचाही शोध आता काही संशोधक घेत आहेत.