मोलगीहून निघावा असा आलेख

दिवाळी सरली की सातपुड्यातली माणसे गुजरातकडे ऊसतोडीला निघतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगी, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यातून कुटुंबेच्या कुटुंबे भांडीकुंडी, लेकरे आणि कोयते गाडीत घालून जातात, ती होळीच्या सुमाराला परततात. याच दिवसांत, 17 नोव्हेंबरला, देशात राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. त्या गाड्यांत फिट येणारी माणसेही असतात. त्यांच्यापैकी कुणाच्या पिशवीत महिनाभराच्या गोळ्या असतील, तर डिसेंबरात त्या संपतील. अपस्माराची गोळी अशी एकाएकी तुटली की फिट परत येते, कधी कधी एकामागून एक येत राहते आणि जिवावर बेतते.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा विकार आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेळेवर निदान आणि नेमाने औषध मिळाले, तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. फेनोबार्बिटोनसारखी जुनी, स्वस्त औषधे अनेकांना पुरतात. तरीही गरीब देशांत चारांतल्या तिघांपर्यंत उपचार पोचत नाहीत. आपल्याकडे फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, मग बडव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे नेतात. दवाखान्याची पाळी शेवटी येते. डोंगरात तर धोका फिटएवढाच तिच्या जागेचाही असतो. पेटत्या चुलीपुढे, नदीच्या पात्रात, मोहाच्या फांदीवर शुद्ध हरपली तर पुढे काय होते, हे तिथल्या घरांना सांगावे लागत नाही. लग्नाच्या कायद्यातून अपस्माराचा अडसर 1999 साली निघाला, पण सोयरीक जुळवणाऱ्यांच्या मनातून तो अजून निघालेला नाही.

अपस्मार ओळखायला मेंदूच्या विजेचा आलेख, म्हणजे ईईजी, मदत करतो. ही वीज कागदावर उतरवण्याच्या विद्येला शंभर वर्षे होऊन गेली. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली आणि 1929 मध्ये ती प्रसिद्ध केली. एका व्होल्टचे दहा लाख भाग करावेत आणि त्यांतले दहा ते शंभर घ्यावेत, एवढीच ही वीज असते. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यामागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 लाटा उठतात. अपस्माराच्या मेंदूत या लाटांमधून मध्येच तीक्ष्ण सुळके डोकावतात. पण पापणी लवली, दात आवळले गेले, तरी कागदावर त्याहून मोठी खळबळ उमटते. या गलबल्यातून नेमका सुळका ओळखणे ही विद्या डॉक्टरांची खरी, पण त्यात संगणकशास्त्रज्ञही फार पूर्वीच उतरले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातले झाक विदाल यांनी मेंदू आणि संगणक यांच्या थेट संवादाची कल्पना 1973 मध्येच मांडली होती.

आज आपल्याकडेही अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मेंदूच्या संकेतांवर प्रबंध लिहिले जातात. त्यांतल्या अनेकांचा आधार जर्मनीच्या बॉन विद्यापीठाने 2001 साली खुला केलेला नोंदींचा संच असतो. त्यात 23.6 सेकंदांचे 500 तुकडे आहेत, तेही पाच निरोगी आणि पाच रुग्ण, अशा दहाच माणसांचे. त्यावर 99 टक्के अचूकता मिळवणाऱ्या संगणक-आज्ञावल्या जगभर झाल्या. त्या संशोधकांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण तेल लावलेल्या केसांवर, घामेजल्या कपाळावर, वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर घेतलेल्या आलेखात ही अचूकता किती उरते, हा प्रश्न मोलगीत येऊनच सुटेल. आमच्या मते मेंदूसंकेतांवर काम करणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक संशोधकाने एकदा तरी अशा ठिकाणी नोंदी घेतल्या पाहिजेत. अर्थात रुग्णाची संमती घेऊन, त्याच्या बोलीत समजावून आणि त्याचे नाव गाव गुप्त ठेवून.

राहिला प्रश्न आलेख तज्ज्ञापर्यंत पोचवण्याचा. सातपुड्याच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. म्हणून 'इथे हे शक्य नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब मांडतो. डोक्यावर 21 जागी तारा, प्रत्येक तारेवरून सेकंदाला 256 नोंदी, प्रत्येक नोंद दोन बाइटची. वीस मिनिटांचा आलेख जेमतेम 13 मेगाबाइट भरतो. लग्नाचा एखादा व्हिडिओ मोबाइलवरून याहून जड फिरतो. सेकंदाला 40 किलोबिट एवढ्या रडतखडत चालणाऱ्या टूजी जोडणीवरही तो पाऊण तासात पोचेल. तो थेट दिसलाच पाहिजे असेही नाही. तुकड्यातुकड्यांनी जाऊ द्या, रेंज गेली तर थांबू द्या, आली की पुढे जाऊ द्या.

आणि रेंजचाही इलाज आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक असताना अभय करंदीकर यांनी 'ग्राममार्ग' हा प्रकल्प उभा केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या कंप्रतांपैकी मोकळ्या पडलेल्या कंप्रता वापरून त्यांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत इंटरनेट नेले. या लहरी नेहमीच्या वायफायपेक्षा दूर जातात आणि झाडीतूनही वाट काढतात. मोझिलाच्या स्पर्धेत 2017 साली या प्रकल्पाला पहिला मान मिळाला. सातपुड्याचे कडे पालघरपेक्षा अवघड आहेत आणि डोंगर आड आला की लहर अडतेच. पण धारेवरून धारेवर उड्या मारत तिला नेता येते. मोलगीच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बोटाचा ठसा देशाच्या नोंदवहीपर्यंत नेता आला, तर मेंदूचा आलेख नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत का नेता येऊ नये?

यंत्राकडून भलत्या अपेक्षा मात्र नकोत. अपस्माराचे निदान मुख्यतः फिट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या सांगण्यावरून होते. खरा अपस्मार असलेल्या अनेकांचा पहिला आलेख निर्दोष येतो. म्हणून भिली किंवा पावरीत बोलणाऱ्या आईचे म्हणणे डॉक्टरला कळेल अशा शब्दांत पोचवणारी आशा कार्यकर्ती या साऱ्या यंत्रणेत पहिली आहे, संगणक तिच्यानंतर. फिट येत असताना घरच्या कुणी मोबाइलवर घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रणही तज्ज्ञाला फार सांगून जाते. संगणकाने आलेखातल्या संशयास्पद जागांवर बोट ठेवावे, निर्णय डॉक्टरांनी द्यावा.

मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे एक यंत्र आणि ते चालवायला शिकलेला एक तंत्रज्ञ असावा. बाजाराच्या दिवशी डोंगर उतरून आलेल्या माणसाचा आलेख सकाळी घेतला जावा आणि तो परत चढण्याआधी तज्ज्ञाचे उत्तर यावे. ही मागणी अवाजवी नाही. पण यंदा गाड्या निघायला लागल्या आहेत आणि त्यांना यंत्राची वाट पाहता येणार नाही. ज्यांचे निदान आधीच झाले आहे, अशा प्रत्येक स्थलांतरिताला आरोग्य खात्याने निघण्याआधी गाठावे आणि होळीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या त्याच्या हाती द्याव्यात.