पुठ्ठ्याचा समुद्र

शाळेत सण व्हावेत की नाहीत, हा आमचा वाद नव्हे. ते अवश्य व्हावेत. वाद आहे तो ते कोणासाठी, याचा. मीरा-भाईंदरच्या एखाद्या बालवर्गाने नारळी पौर्णिमेस पुठ्ठ्याचा समुद्र उभारावा, भाड्याच्या वेषात घामाघूम झालेल्या चार वर्षांच्या कोळ्याने त्यात प्लास्टिकचा नारळ टाकावा आणि पालकांनी छायाचित्रे काढावीत, यात मुलाच्या पदरी काय पडले? खरा समुद्र तर याच शहराच्या हद्दीत, उत्तनला आहे! १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी उठून त्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात लोटलेल्या असतात. नारळ का वाहतात, हे तेथे निराळे शिकवावे लागणार नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस खेड्यातील मुलांसाठी कार्य आरंभिले, ते भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाचे साहित्य करून. त्याचा आम्हांस इतका विसर पडावा? लहानग्यांस किनाऱ्यावर कोण नेणार, असे कोणी म्हणेल. ठीक, मग खरा नारळ वर्गात आणा. मुलांनी त्याची शेंडी ओढावी, पाणी चाखावे, नारळीभात खावा. छायाचित्र निघाले नाही तरी बिघडत नाही. हाताला नारळाचा वास मात्र राहिला पाहिजे.